साखरेचा ढवळ्या
घरच्या घरी वाढदिवसाचा केक : एक प्रात्यक्षिक

खताच्या मात्रा, बोंडअळी आणि संत्र्याची फळगळ यांवर लिहिणारा हा साहेब आज केकवर काय लिहायला बसला, असे तुम्हांस वाटेल. वाटणे साहजिक आहे. माझी सारी नोकरी बांधावर गेली. पण विस्तार कार्यकर्त्याला शेतकरी जे विचारील त्याचे उत्तर शोधून द्यावे लागते, आणि मला हा प्रश्न संत्र्याच्या बागेतच विचारला गेला.

2024 सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. कळमेश्वर तालुक्यातील मोहपा भागात एका शेतकऱ्याची बाग पाहायला गेलो होतो. त्या पावसाळ्यात सततच्या पावसाने आंबिया बहाराची फळे झाडाखाली सडा पडावा तशी गळली होती. उरली त्यांतली बरीच बारीक निघाली व व्यापाऱ्याने बाजूला काढली. कपाशीनेही हात दिला नव्हता. घरची बैलजोडी दिवाळीच्या आधी विकावी लागली. त्यातला एक बैल पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा, नाव ढवळ्या. आमच्या वर्धा-नागपूर भागातली ही जुनी जात, अंगाने लांबट आणि चालीला चपळ.

बाग पाहून झाल्यावर अंगणात चहा घेत बसलो होतो. घरची लक्ष्मी दाराआडून म्हणाली, "साहेब, तुमी त बीएस्सी झाले ना जी? मंग केक घरी होते काय, थे सांगा."

तिच्या मुलीचा पाचवा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. अंगणवाडीतल्या कोणाच्या तरी वाढदिवसाला तिने साखरेचे गुळगुळीत आवरण घातलेला, वर बाहुली बसवलेला केक पाहिला होता. पण हिला बाहुली नको होती. केकवर आपला ढवळ्या बसलेला पाहिजे, असा तिचा हट्ट. शहरातल्या दुकानात चौकशी केली तेव्हा हजाराच्या पुढची किंमत सांगितली. मुलीचे वडील मान खाली घालून म्हणाले, "असले लाड आपल्याले परवडत नाही." मुलगी तेथेच ओसरीवर बसली होती. ती रडली नाही, नुसती रिकाम्या गोठ्याकडे पाहत राहिली.

मी म्हटले, "वहिनी, दोन दिवस द्या. विचारून सांगतो."

साखरेचे काम आपल्याला नवे नाही

घरी आलो आणि सौभाग्यवतींना विचारले. त्यांना साधा केक येत होता. वरच्या गुळगुळीत आवरणाला 'फाँडंट' म्हणतात, एवढे मला माहीत होते. हा शब्द फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थ 'विरघळणारे' असा आहे. साखरेचा पाक मऊ गोळी होईपर्यंत, म्हणजे सुमारे 115 अंश सेल्सियसपर्यंत आटवायचा, जरा निवू द्यायचा आणि मग घोटत राहायचे. घोटल्याने साखरेचे स्फटिक इतके बारीक होतात की जिभेला कण लागत नाही, पांढरा मऊ लगदा तयार होतो. बालुशाहीवरचा पांढरा थर हा याच कुळातला. लाटून पसरण्याजोगे फाँडंट हा त्याचाच दुसरा प्रकार. तो पिठीसाखर मळून करतात.

म्हणजे नाव परके असले तरी काम परके नाही. संक्रांतीला आपल्या बाया मंद आचेवर तासन्‌तास बसून तिळाच्या दाण्यावर पाक चढवतात आणि काटेरी हलवा करतात. त्याच हलव्याचे दागिने बोरन्हाणाच्या वेळी लेकराच्या अंगावर घालतात. होळी-पाडव्याला साखरेच्या गाठी पोरांच्या गळ्यात पडतात. लेकरू आणि साखरेचा अलंकार यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. ज्या हाताला हलवा जमतो त्या हाताला केकचे आवरण जमणार नाही, हे मला पटेना.

दुकानी फाँडंटमध्ये बहुधा जिलेटीन असते. ते जनावराच्या हाडाकातड्यापासून काढतात. माळकरी घरात ते चालणार नाही. आणि धापेवाड्याचा विठोबा ज्या तालुक्यात आहे तेथे माळकरी घरे पुष्कळ. म्हणून आम्ही दुधाची भुकटी वापरून होणारा प्रकार निवडला. मळून झाला की तो पेढ्याच्या गोळ्यासारखा दिसतो, चवीलाही तसाच लागतो. अंडीही वगळली.

केकचे साहित्य व कृती

सात इंची (18 सें.मी.) गोल डब्यासाठी :

मैदा किंवा वस्त्रगाळ केलेली कणीक 190 ग्रॅम (निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतल्यास उत्तम), ताजे, फार आंबट नसलेले दही 180 ग्रॅम, संत्र्याचा गाळलेला रस 60 मिलिलिटर, दळलेली साखर 150 ग्रॅम, वास नसलेले गोडे तेल 100 मिलिलिटर, बेकिंग पावडर सव्वा चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, एका संत्र्याच्या सालीचा कीस, चिमूटभर मीठ.

संत्र्याची साल सोलण्याआधीच, अख्ख्या फळावर बारीक किसणीने हलक्या हाताने किसावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसता येत नाही. वरचा केशरी भाग तेवढाच घ्यावा. सुगंधाचे तेल त्यातच असते. खालचा पांढरा पापुद्रा कडू असतो. आपल्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या चवी-गंधाच्या बळावर. ती चव केकमध्ये उतरवायला व्यापाऱ्याने बाजूला काढलेले बारीक फळही चालते.

पीठ, सोडा, बेकिंग पावडर व मीठ दोनदा एकत्र चाळावे. दही, साखर व तेल एकजीव होईपर्यंत फेटावे. त्यात रस व कीस घालावा. मग पीठ तीन वेळा थोडे थोडे मिसळावे. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, पीठ घातल्यावर फार घोटू नये. पोळीची कणीक आपण मळून मळून चिवट करतो; गव्हातला चिकट भाग जागा झाला की पोळी चांगली होते, पण केक चामड्यासारखा होतो. दुसरी, मिश्रण करून ठेवू नये. दही आणि रस आंबट असतात. सोडा त्यांना भेटला की लगेच वायू सुटू लागतो. तोच वायू केकला फुगवतो. मिश्रण अर्धा तास पडून राहिले तर तो उडून जातो आणि केक बसतो. कणकेमुळे मिश्रण फार घट्ट वाटल्यास दोन मोठे चमचे दूध घालावे.

भट्टी नसेल तर काळजी नको. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तळाला बोटभर धुतलेली, वाळवलेली रेती पसरावी, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. डब्याला तेल लावून पीठ भुरभुरावे, मिश्रण ओतावे, डबा तिवईवर ठेवावा. आच मंद करून 40 ते 50 मिनिटे भाजावे. पहिली 30 मिनिटे झाकण उघडू नये. चूल असेल तर खाली मंद निखारे आणि झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत. मध्यभागी सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

केक आदल्या दिवशीच करावा. रात्रभर स्वच्छ कापडात झाकून ठेवला की तो नीट बसतो. गरम केकवर आवरण घातले तर ते वितळून ओघळते. सकाळी वरचा फुगवटा सुरीने सपाट कापून घ्यावा. कापलेला भाग मुलांना द्यावा म्हणजे ती केकपासून थोडा वेळ लांब राहतात.

साखरेची कणीक

दुधाची भुकटी 200 ग्रॅम, पिठीसाखर 200 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क लागेल तसे, सुमारे 150 ते 175 ग्रॅम, आणि एक चहाचा चमचा साजूक तूप.

पिठीसाखर व भुकटी मलमलीतून चाळून घ्यावी. एकही कण राहिला तरी लाटताना आवरण तेथे फाटते. कंडेन्स्ड मिल्क थोडे थोडे घालत मळावे. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, भाकरीच्या पिठापेक्षा मऊ असा गोळा व्हावा. तुपाचा हात लावून ओल्या, पिळलेल्या फडक्यात अर्धा तास ठेवावा.

किती मोठे लाटायचे त्याचा हिशेब सोपा आहे. केकची रुंदी 18 सें.मी. आणि उंची 5 सें.मी. असेल तर रुंदीत दोन्ही बाजूंची उंची मिळवा, 28 झाले. सांडलवंड धरून 30 सें.मी.ची पोळी लाटावी. जाडी चार मिलिमीटर, म्हणजे पातळ भाकरीएवढी असावी. पोळपाटावर पिठीसाखर भुरभुरावी. केकला संत्र्याचा गरम करून गाळलेला जॅम हाताने लावावा; आवरण त्याला चिकटते. मग पोळी लाटण्यावर गुंडाळून केकवर अलगद सोडावी. आधी वरचा भाग, मग कडा, मग बाजू, अशी तळहाताने खाली सारत यावी. चुण्या पडतील तेथे ओढू नये, उचलून पसरावे. खालचा जास्तीचा भाग सुरीने कापावा.

माझी चूक

एवढे सारे कागदावर लिहून मी त्या घरी दिले. वाढदिवसाला तीन दिवस असताना वहिनींनी लहानसा नमुना करून पाहिला आणि निरोप आला, "साहेब, जमिनीले भेगा पडते तसं फाटलं जी."

जाऊन पाहिले. खरोखर, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखे त्या आवरणाला तडे गेले होते. चूक त्यांची नव्हती. गोळा झाकून ठेवा हे मी सांगितले होते, पण लाटल्यावर वाऱ्यात ठेवू नका हे सांगायचे राहिले होते. आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी असते. ओसरीवर लाटलेली पोळी वाऱ्याने पाच मिनिटांत सुकली. अशा हवेत दारे लावून काम करावे, गोळ्यात अर्धा चमचा तूप जास्त घालावे आणि लाटल्याबरोबर आवरण चढवावे. पावसाळ्यात याच्या उलट होते. साखर हवेतले पाणी ओढते, आवरण घामेजून चिकट होते. तेव्हा गोळा थोडा घट्टच मळावा. आवरण घातलेला केक फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह कोणत्याच ऋतूत करू नये. बाहेर काढला की त्यावर दहिवर धरते आणि सारी मेहनत ओघळते. दुधाचे आवरण फार दिवस टिकत नाही. केक त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावा.

मुंग्यांसाठी एक उपाय. परातीत पाणी घालून मध्ये वाटी पालथी ठेवावी आणि तिच्यावर केकचे ताट ठेवावे.

लेकराच्या जिवाला जपावे

केक लहान मुलासाठी असतो, म्हणून हा भाग माता-भगिनींनी जरूर वाचावा.

दोन वर्षांखालील बाळाला वेगळी साखर देऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्था व जागतिक आरोग्य संघटना दोघीही सांगतात. पहिला वाढदिवस असेल तर केक पाहुण्यांसाठी करावा. बाळाला कुस्करलेले केळे आणि गव्हाच्या रव्याचे बिनसाखरेचे मऊ काही द्यावे. एक वर्षाखालील बाळाला मध तर मुळीच चाटवू नये. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंपासून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या केकवर अख्खे शेंगदाणे, काजू, कडक साखरेचे मणी लावू नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. साखरेच्या बाहुल्या उभ्या राहाव्यात म्हणून आत दात कोरण्याच्या काड्या खुपसतात. त्याऐवजी जाड शेवईचा तुकडा वापरावा. तोंडात गेला तरी इजा नाही.

रंगाबाबत सावध असावे. आपल्या देशात खाण्यासाठी फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत व ठरावीक प्रमाणात. बाजारात सुटा मिळणारा भडक पिवळा वा गुलाबी रंग कापडाचाही असू शकतो. 2024 साली तामिळनाडू व कर्नाटक सरकारांना 'म्हातारीचे केस' या मिठाईवर कारवाई करावी लागली ती ऱ्होडामिन नावाच्या अशाच गुलाबी रंगामुळे. डबीवर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक नसेल तर घेऊ नये. आणि घ्यायचाच कशाला? बीटचा रस मंद आचेवर आटवला की गुलाबी मिळतो, हळदीने पिवळा, पालकाच्या रसाने हिरवा. रस थेंबाथेंबानेच घालावा, पाणी जास्त झाले की गोळा सैल पडतो. चकाकणाऱ्या सजावटीच्या भुकटीवर 'खाण्यायोग्य' असे लिहिलेले नसेल तर ती केकवर टाकू नये.

ढवळ्या बसला

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही उभयता त्या घरी गेलो. केक भाजून झाला होता. घरभर संत्र्याचा वास सुटला होता. आता ढवळ्या करायचा होता. आवरणासाठी लागेल तेवढा गोळा ओल्या फडक्यात बांधून ठेवला, उरला तो बैलासाठी घेतला. सौभाग्यवतींनी त्याचा बैल करायला घेतला. उभा केला तर पायांवर वजन पेलेना, दोनदा मोडला. तेव्हा मुलीची आजी कोपऱ्यातून म्हणाली, "बैल काय उभाच राह्यते? रवंथ कराले बसवा ना त्याले." आजींचे म्हणणे शंभर टक्के शास्त्रीय होते. बसलेल्या बैलाचे पाय अंगाखाली जातात, वजन साऱ्या अंगावर पडते.

बैल बसला. काळ्या तिळाचे डोळे लागले. बीटच्या रंगाची झूल पाठीवर आली. पण मुलगी समाधानी होईना. "हा ढवळ्या नोहे," एवढेच म्हणे. काय चुकले ते तिला सांगता येईना.

मुलीचे वडील इतका वेळ दारात उभे होते. "लाड परवडत नाही" म्हणणारे तेच. ते आत आले, विहिरीच्या पाण्याने हात धुतले, पुसले आणि पाटावर बसले. वशिंड जरा मागे सरकवले. गळ्याखालची लोंबती पोळी चिमटीने ओढून घेतली. मग डावे शिंग काढून पुन्हा वळवले, थोडे बाहेर आणि खाली झुकलेले. "लहानपणी गव्हाणीत अडकून वाकलं होतं त्याचं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून पाहत होती. शिंग बसले तशी ती टाळ्या वाजवू लागली. नऊ वर्षे त्या जनावराच्या मागे चाललेला हात होता तो. घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

रात्री केक व बैल आतल्या खोलीत झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारे लावून आवरण चढवले. एका बाजूला बारीक चुणी राहिली; ढवळ्याला नेमके तिच्या वरच बसवले.

संध्याकाळी आणखी एक अडचण आली. मेणबत्त्या फुंकायला आजींचा विरोध होता. "लेकराच्या वाढदिवसाले दिवा लावते, विझवत नाही," असे त्यांचे म्हणणे. मला त्यात वावगे दिसले नाही. फुंकरीबरोबर केकवर थुंकीचे तुषार उडतात ते वेगळेच. पाट मांडला, रांगोळी काढली. आजींनी निरांजनाने ओवाळले, मग मुलीने केक कापला. अंगणवाडीतली वीस-बावीस लेकरे होती. प्रत्येकाला बोटभर तुकडा आला आणि तो पुरला. ढवळ्याला मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही.

हिशेब करून पाहिला. दुकानाने सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यातही काम भागले. मुख्य खर्च भुकटीचा आणि कंडेन्स्ड मिल्कचा. गहू, दही, तूप आणि संत्री घरची.

भगिनींनो, मी काही दरवर्षी केक कराच असे सांगत नाही. पुरणपोळी आणि खीर यांची जागा केकने घ्यावी असेही माझे म्हणणे नाही. पण आजची मुले केक मागतात. मागितलेली वस्तू प्रत्येक वेळी विकतच आणावी लागते असे नाही, एवढे त्या घरात मला दिसले. नापिकीच्या वर्षात बापाला "नाही" म्हणावे लागते तेव्हा ते लेकरापेक्षा त्यालाच जास्त लागते. त्या घरात थोड्या पिठीसाखरेने आणि चार माणसांच्या हाताने त्या "नाही"चे "हो" झाले.

पहिला प्रयत्न वाढदिवसाच्या आधी आठवडाभर, निम्म्या प्रमाणात करून पाहावा. नवे बियाणे आपण आधी एका सरीतच लावून पाहतो ना, तसेच हे.

मार्चमध्ये मृग बहाराची फळे पाहायला त्या बागेत पुन्हा गेलो होतो. मुलीने मला हात धरून आत नेले आणि फडताळातली काचेची बरणी दाखवली. साखरेचा ढवळ्या वाळून दगडासारखा झाला होता, एक कान मुंग्यांनी नेला होता. वाकडे शिंग मात्र शाबूत होते. "याले खायाचं नाही," तिने मला बजावले. मीही सांगितले, आता मुळीच खायचे नाही.